हलणारे क्लब, तिकिटांचा घोळ आणि ओस पडलेली स्टेडियम : महाराष्ट्र-गोव्यातल्या फुटबॉल चाहत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सामन्याला येणारे लोक विचारतात, यायचं सोडून दिलेलेही विचारतात. उत्तरं एका चाहत्याची आहेत. जिथे मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

पुण्यात आयएसएलचा (इंडियन सुपर लीग, देशातली फुटबॉलची वरची लीग) एकही क्लब का नाही?

होता, आणि तो एकटा नव्हता. पिरामल समूहाचा पुणे एफसी 2007 मध्ये उभा राहिला, 2012-13 च्या आय-लीगमध्ये (आयएसएलच्या आधीची देशातली मुख्य लीग) दुसरा आला आणि 2015 मध्ये बंद पडला. कल्याणी समूहाचा भारत एफसी 2014-15 चा एकच हंगाम खेळला, तळाला राहिला आणि संपला. डीएसके शिवाजियन्सने आय-लीगचे दोन हंगाम काढले, 2017 नंतर तोही दिसला नाही. 2014 मध्ये आयएसएलसोबत एफसी पुणे सिटी आला. 1998 चा विश्वविजेता डेव्हिड ट्रेझेगे बालेवाडीच्या स्टेडियममध्ये खेळला. 2017-18 मध्ये संघ उपांत्य फेरीत पोहोचला, तिथे सुनील छेत्रीच्या हॅट्ट्रिकने बंगळुरूने आपल्याला बाहेर काढलं. पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, क्लब गुंडाळला गेला.

बारा वर्षांत चार क्लब राष्ट्रीय पातळीवर आले आणि चारही गेले. पुण्यात फुटबॉलला प्रेक्षक नाही असं कोणी म्हणालं की मला हे चार क्लब आठवतात. ज्या मुलाने शाळेत असताना पुणे एफसीचा शर्ट घातला, त्याने कॉलेजात पुणे सिटीचा भगवा घेतला आणि नोकरीला लागेपर्यंत दोन्ही कपाटात गेले, त्याने पाचव्या क्लबचा शर्ट घ्यावा अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

क्लब असा एका शहरातून उठून दुसऱ्या शहरात कसा काय जातो?

आयएसएलमधला क्लब ही कंपनी आहे. लीगमध्ये खेळण्याचा हक्क त्या कंपनीकडे असतो, शहराकडे नाही. मालकाला दुसरीकडे स्टेडियम स्वस्त मिळालं, राज्य सरकारने हात पुढे केला किंवा कर्जाचा डोंगर झाला, तर संघ बिऱ्हाड हलवावं तसा हलतो. दिल्ली डायनामोज 2019 मध्ये भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. त्याच वर्षी पुण्याच्या रिकाम्या जागेवर हैदराबाद एफसी आला. त्या संघाने मार्च 2022 मध्ये गोव्यात, फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये पेनल्टी शूटआउटवर केरळा ब्लास्टर्सला हरवून चषकही उचलला. पुढे खेळाडूंचे पगार थकले, संघ विस्कटला आणि 2025 मध्ये तो दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला.

म्हणजे दिल्लीकरांचा क्लब ओडिशाला गेला आणि सहा वर्षांनी हैदराबादकरांचा त्यांच्याकडे आला. या सगळ्यात एकाही शहरातल्या चाहत्यांना कोणी विचारलं नाही. विचारायलाच हवं असा नियमही नव्हता. माझ्या मते बाकी सगळी दुखणी इथूनच सुरू होतात.

मग सगळा दोष मालकांचाच का?

नाही. मालकांवर राग काढणं सोपं आहे, पण हिशेब तरी पाहा. आयएसएलचे क्लब सुरुवातीपासून तोट्यात आहेत. फ्रँचायझीचं शुल्क, परदेशी खेळाडूंचे पगार, विमानप्रवास आणि स्टेडियमचं भाडं असे खर्च आहेत. समोर उत्पन्न म्हणजे प्रायोजक, मध्यवर्ती निधीतला वाटा आणि थोडीफार तिकीटविक्री. वरून पहिली अनेक वर्षं लीगमधून खाली घसरण्याची भीती नव्हती आणि खालून वर येण्याचा रस्ताही नव्हता. पंजाब एफसी 2023 मध्ये आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग 2024 मध्ये आय-लीग जिंकून वर आले, तोवर आयएसएल बंद दरवाजाची होती.

माझी तक्रार तोट्याबद्दल नाही. तोट्याचा निर्णय चार भिंतींत होतो आणि चाहत्याला तो बातमीतून कळतो, ही तक्रार आहे. क्लब बंद करायचा असेल तर किमान एक हंगाम आधी सांगा, अकादमीतल्या पोरांचं काय होणार ते सांगा. महिंद्रा युनायटेड आठवतो? 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा संघ. 2010 मध्ये कंपनीने तो बंद केला. जिंकणारा संघही एका निर्णयाने नाहीसा होऊ शकतो हे मुंबईला तेव्हाच कळलं होतं.

2025-26 चा हंगाम इतका उशिरा का सुरू झाला?

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर 2010 मध्ये आयएमजी-रिलायन्सशी 15 वर्षांचा करार केला होता. देशातल्या फुटबॉलचे व्यावसायिक हक्क त्या करारात होते आणि त्यातूनच पुढे आयएसएल आली. करार 8 डिसेंबर 2025 ला संपणार हे सगळ्यांना 15 वर्षांपासून ठाऊक होतं. तरीही नूतनीकरणाची बोलणी शेवटच्या वर्षापर्यंत रखडली. महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता, तेही एक कारण. जुलै 2025 मध्ये लीग चालवणाऱ्या एफएसडीएल कंपनीने हंगाम थांबवून ठेवला. काही क्लबांनी पगार थांबवले. महासंघाने नव्याने निविदा काढली, तर नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही.

जानेवारी 2026 मध्ये सरकारने मध्ये पडून घोषणा केली : 14 फेब्रुवारीपासून लीग, 14 क्लब, प्रत्येक जोडीचा एकच सामना, एकूण 91 सामने. एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होणारी लीग फेब्रुवारीत, तीही निम्मी. ज्याने सुट्ट्या, प्रवास आणि पैसे यांचं गणित सहा महिने आधी मांडलेलं असतं, त्याच्यासाठी हे वर्ष वाया गेलं.

मुंबई सिटीचं काय? मँचेस्टरवाले गेले म्हणजे क्लब बुडाला का?

क्लब आहे. मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने 2019 मध्ये 65 टक्के हिस्सा घेतला, तेव्हा जगातल्या सर्वांत श्रीमंत फुटबॉल समूहांपैकी एक अंधेरीत आला होता. 2020-21 मध्ये लीग शिल्ड (गुणतक्त्यात पहिलं आल्याचं) आणि चषक (बाद फेरीतला) दोन्ही, 2022-23 मध्ये पुन्हा शिल्ड, 2023-24 मध्ये पुन्हा चषक. खेळाच्या बाबतीत मुंबईने यापेक्षा चांगले दिवस क्वचितच पाहिले. डिसेंबर 2025 मध्ये लीगच्या अनिश्चिततेकडे बोट दाखवून सिटी ग्रुपने आपला हिस्सा मूळ मालकांकडे सोपवला.

इतकी चषकं जिंकूनही हा क्लब आठ हजारांच्या आतबाहेरच्या अंधेरीच्या मैदानात राहिला. तिथून मोठ्या मैदानात जाण्याइतका पाया या काळात तयार झाला नाही, याचं मला वाईट वाटतं. पैसा येतो तेव्हा तो संघावर लागतो. शाळा, वस्त्या, उपनगरातली छोटी मैदानं आणि नियमित येणारी कुटुंबं यांच्यावर तो लागत नाही. पैसा गेल्यावर मागे उरते ती हीच माणसं.

गोव्यातले जुने क्लब कुठे आहेत?

2007-08 ते 2012-13 या सहा वर्षांत आय-लीगची सहाही विजेतेपदं गोव्यात गेली. धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. एवढ्याशा राज्याने साऱ्या देशावर असं वर्चस्व गाजवलेलं दुसरं उदाहरण भारतीय फुटबॉलमध्ये नाही.

2016 मध्ये आयएसएल वरच्या पायरीवर आणि आय-लीग खालच्या पायरीवर असा आराखडा पुढे आला. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं, पाठोपाठ धेंपोनेही. त्यांचं म्हणणं साधं होतं : मैदानावर कमावलेली जागा पैशाने विकत घेता येत असेल तर आम्ही खेळायचं कशासाठी? एफसी गोवा आज फातोर्ड्याला चांगले प्रेक्षक खेचतो आणि त्या संघावर माणसं मनापासून प्रेम करतात. पण वास्को, मडगाव, पणजीच्या ज्या घरांत धेंपो की साळगावकर यावरून जेवणाच्या ताटावर वाद व्हायचे, तो वाद एका फ्रँचायझीने भरून निघत नाही. धेंपो 2024-25 मध्ये आय-लीगमध्ये परतला ही त्यातली आनंदाची गोष्ट.

प्रेक्षक खरंच घटले आहेत, की फक्त तसं वाटतं?

घटले आहेत. आयोजकांच्याच आकड्यांनुसार पहिल्या तीन हंगामांत सामन्यामागे सरासरी प्रेक्षक 20 हजारांच्या वर होते. त्यात मोफत पासवर आलेले बरेच असणार, तेव्हा तो आकडा थोडा फुगलेला धरा. तरीही नंतरची घसरण उघड्या डोळ्यांना दिसते.

कारणं एकात एक अडकलेली आहेत. सुरुवातीला लीग दोन-अडीच महिन्यांची होती. आनेल्का, युनबर्ग, देल पिएरो, पिरेस या परदेशी ताऱ्यांना पाहायला माणसं एकदा तरी यायची. लीग लांबली, ती नावं गेली, आणि त्यांच्या जागी आपल्या गावचे, ओळखीचे खेळाडू उभे करण्याचं काम बहुतेक क्लबांनी केलंच नाही. मग करोना आला. 2020-21 आणि 2021-22 हे दोन हंगाम पूर्णपणे गोव्यात, जवळजवळ सगळेच सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. दोन वर्षं सामन्याला न जाण्याची सवय लागली की ती मोडायला कारण लागतं, आणि ते कारण कोणी दिलं नाही.

वेळ हा तर स्वतंत्र विषय आहे. मंगळवारी किंवा बुधवारी रात्री साडेसातला अंधेरीत सामना. वसईचा माणूस ऑफिसातून सुटून वीरा देसाई रोडला पोहोचेपर्यंत पहिला हाफ अर्धा झालेला असतो. सामना संपून बाहेर पडून घरी पोहोचायला मध्यरात्र. लहान मुलाला घेऊन कोण येणार? बालेवाडीचं तर त्याहून अवघड होतं. हायवेला लागून असलेलं, शहराच्या एका टोकाचं मैदान. हडपसरहून रात्री परत जाणं ही शिक्षाच. हे वेळापत्रक टीव्हीसाठी आखलेलं असतं, आणि मग त्याच टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसतात म्हणून सगळे हळहळतात.

पण लोकांना युरोपचंच फुटबॉल हवं असतं ना?

दोन्ही हवं असतं. जून 2018 मध्ये मुंबईत भारत विरुद्ध चायनीज तैपेई सामन्याला अडीच हजारांच्या आसपास माणसं होती. भारत 5-0 जिंकला, छेत्रीने हॅट्ट्रिक केली. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओतून हात जोडले : शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. दोन दिवसांनी केनियाविरुद्धचा सामना हाउसफुल. छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना, धो धो पाऊस, आणि भिजत उभे असलेले हजारो लोक. मैदान तेच, शहर तेच. त्या आठवड्यात बदललं ते एवढंच, की कोणीतरी लोकांना माणूस म्हणून बोलावलं.

नोव्हेंबर 2023 मध्ये सौदी अरेबियाचा अल-हिलाल आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीविरुद्ध खेळायला आला तेव्हा सामना बालेवाडीतून हलवून नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये घेतला गेला. त्यांचा नेमार दुखापतीमुळे येणार नाही हे आधीच कळलं होतं, तरी लोक आले.

तिकिटं महाग आहेत का?

देशातल्या लीगची तिकिटं सहसा महाग नसतात. मल्टिप्लेक्सच्या तिकिटापेक्षा कमीत सामना पाहता येतो. त्रास इतर ठिकाणी आहे.

विक्री सामन्याच्या जेमतेम काही दिवस आधी उघडते. बाहेरगावच्या माणसाला रेल्वेचं आरक्षण आधी लागतं, तिकीट नंतर मिळतं. काही वर्षं ऑनलाइन पैसे भरूनही छापील तिकीट घ्यायला काउंटरवर पुन्हा रांग लावावी लागायची, आणि तो काउंटर गेटपासून भलतीकडेच असायचा. मोफत पास हा त्याहून मोठा घोळ. प्रायोजक, अधिकारी, नगरसेवक यांच्याकडे पासांचे गठ्ठे जातात. चांगल्या स्टँडमध्ये ‘सोल्ड आउट’ दिसतं आणि सामन्याच्या दिवशी तेच स्टँड अर्धं रिकामं असतं. पैसे मोजणारा गोलमागे उभा आणि मधल्या खुर्च्या मोकळ्या, हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलंय की आता प्रायोजकाच्या नावाची पट्टी चिकटवलेल्या त्या खुर्च्या लांबूनच ओळखू येतात.

सामना रद्द झाला किंवा हलवला, तर पैसे परत मागता येतात का?

मागता येतात, आणि मागावेत. तिकीट घेताना अटी वाचा : तारीख बदलली तर तिकीट चालणार की पैसे परत, हे बहुधा तिथे लिहिलेलं असतं. बुकिंगचा ईमेल, पैसे कापल्याचा मेसेज आणि क्लबच्या घोषणेचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. आधी तिकीट विकणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करा, फोनवर बोलून सोडून देऊ नका. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. त्यापुढे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग, आणि तिथे तक्रार ऑनलाइनही करता येते.

सीझन तिकीट घेतलेल्यांनी विशेष लक्ष द्यावं. एका हंगामात माझ्या सीझन तिकिटातला एक सामना दुसऱ्या शहरात हलवला गेला. त्या एका सामन्याचे पैसे वजा करून मिळवायला लेखी पाठपुरावा करावा लागला, पण मिळाले. ज्यांनी मागितलेच नाहीत त्यांना आपणहून कोणी दिले नाहीत.

गेटवर काय नेता येतं?

पाण्याची बाटली, नाणी, पॉवर बँक, लायटर बाहेरच काढून घेतात. झेंड्याची काठी चालत नाही. ढोल आणि मोठे बॅनर न्यायचे तर आधी परवानगी लागते, आणि ती चाहत्यांच्या गटामार्फत घेतलेली बरी. मुंबईत वेस्ट कोस्ट ब्रिगेड या मुंबई सिटीच्या चाहत्यांच्या गटाचे लोक मदत करतात. आत पाणी मिळतं, पण हाफटाइमला रांग मोठी असते.

बहिष्काराने काही साधतं का?

साधतं, पण मागणी एक आणि स्पष्ट असेल तर. 2020 मध्ये एटीके हा कोलकात्याचा आयएसएल क्लब आणि तिथलाच जुना मोहन बागान एकत्र झाले. बागानच्या चाहत्यांनी क्लबच्या नावापुढचं एटीके हटवा, ही एकच मागणी तीन वर्षं सोडली नाही. मार्च 2023 मध्ये फातोर्ड्याला अंतिम सामना जिंकल्यावर मालक संजीव गोएंका यांनी नाव बदलत असल्याचं जाहीर केलं आणि क्लब मोहन बागान सुपर जायंट झाला. केरळात मंजप्पडा या गटाने 2024-25 मध्ये ब्लास्टर्सच्या व्यवस्थापनाविरुद्ध उघड निदर्शनं केली. त्यानंतर क्लबने चाहत्यांचं सल्लागार मंडळ नेमायची घोषणा केली.

इंग्लंडमध्ये फेब्रुवारी 2016 मध्ये लिव्हरपूलच्या 77 पौंडांच्या तिकिटाविरुद्ध हजारो प्रेक्षक सामन्याच्या 77 व्या मिनिटाला उठून निघून गेले. मालकांनी त्याच आठवड्यात माघार घेतली. आपल्याकडे मात्र एक अडचण आहे. भरलेलं स्टेडियम रिकामं झालं तर मालक दचकतो. आधीच रिकामं असलेलं अजून रिकामं झालं तर त्याला क्लब बंद करायला निमित्त मिळतं. म्हणून मी मैदानात हजर राहून बॅनर लावण्याच्या बाजूचा आहे.

जर्मनीसारखा 50+1 नियम इथे येईल का?

लवकर नाही. जर्मनीत क्लब मुळात सदस्यांचे होते, गुंतवणूकदार नंतर आले. मतांचा बहुमताचा हक्क सदस्यांकडेच राहावा असा तो नियम आहे. आयएसएलमध्ये बहुतेक ठिकाणी उलटं झालं, कंपनी आधी आली. मोहन बागानसारख्या जुन्या क्लबात मूळ क्लबाकडे 20 टक्के हिस्सा आहे, सदस्य आहेत, निवडणुका होतात. तेवढंही मुंबई-पुण्यात नाही.

कोल्हापूरला मैदान भरतं, मग इतरत्र का नाही?

शाहू स्टेडियमचा मोठा सामना ज्याने पाहिला नसेल त्याने एकदा जावं. पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा, किंवा दिलबहार विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ. दुपारी उन्हात पायऱ्या भरायला लागतात. आजोबा, मुलगा आणि नातू एकाच जागी बसतात, कारण आजोबा तिथेच बसत आले आहेत. गोल झाला की हलगी सुरू होते आणि संध्याकाळी पेठेत त्याच गोलाची चर्चा चौकाचौकात. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा.

तिथेही सगळं गोड नाही. समर्थकांत दगडफेक झाली आहे, सामने थांबले आहेत, पोलिसांना मैदानात यावं लागलं आहे. स्थानिक पुढाऱ्यांचा पैसा आणि त्यासोबत त्यांचे फलकही आहेत. पण कोल्हापूरच्या संघाचं नाव तालमीचं आहे, आणि तालीम विकून दिल्लीला नेता येत नाही. खेळाडू गल्लीतला असतो. सामना खराब झाला तर दुसऱ्या दिवशी त्याला कट्ट्यावर जाब द्यावा लागतो. त्या गावाला संघ आपला वाटतो तो या जवळिकीमुळे.

चाहत्यांनी नेमकं काय मागावं?

मोठमोठ्या गोष्टी नकोत. क्लब शहर सोडणार असेल तर आधी जाहीर नोटीस आणि चाहत्यांच्या नोंदणीकृत गटाशी बैठक, ही अट परवान्यात घाला. आशियाई महासंघाची क्लब परवाना पद्धत आहेच, तिच्यात आपल्या महासंघाला ही अट जोडता येईल. हंगामाचं वेळापत्रक किमान दोन महिने आधी द्या. घरच्या सामन्यांपैकी निम्मे तरी शनिवार-रविवारी ठेवा. मोफत पास किती वाटले ते प्रत्येक सामन्यानंतर जाहीर करा. पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी एक स्टँड आधीपासून राखून ठेवा, म्हणजे गोव्याहून मुंबईला आलेल्या चार बसगाड्यांतल्या लोकांना गेटवर उभं राहून जागा शोधावी लागणार नाही.

आणि पुण्यात कोणी नवा क्लब घेऊन आलाच, तर पहिल्या पत्रकार परिषदेत त्याला विचारा : तोटा झाला तर किती वर्षं थांबणार? उत्तर लेखी मागा.